नागपूर–पुणे विमानप्रवास: अकरा महिने आणि बावीस फेऱ्यांनंतर

आईच्या गुडघ्याचे दुखणे वाढल्यापासून मला दर महिन्याला पुण्याहून नागपूरला जावे लागते. पूर्वी मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने किंवा रेल्वेने जात असे. गेल्या अकरा महिन्यांत मात्र जाऊन-येऊन बावीस वेळा विमानाने, तेही इकॉनॉमी वर्गाच्या सर्वांत स्वस्त तिकिटावर, प्रवास केला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर माझे जे मत झाले होते, ते आता बरेच बदलले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या मार्गावर विमान हवेत जेमतेम सव्वा तास असते आणि तिकिटावर सुमारे दीड तास लिहिलेला असतो. याच आकड्याला भुलून मी विमानाकडे वळले. प्रत्यक्षात कोथरूडच्या घराला कुलूप लावल्यापासून नागपुरात प्रतापनगरच्या घराची बेल वाजवेपर्यंत किती वेळ जातो, याची नोंद मी दुसऱ्या महिन्यापासून ठेवू लागले. सर्वांत लवकर पोहोचले ती फेरी चार तास पन्नास मिनिटांची, सर्वांत लांबलेली नऊ तासांची, आणि बहुतेक फेऱ्या साडेपाच तासांच्या आसपासच्या आहेत. म्हणजे हवेतील प्रवास हा एकूण प्रवासाच्या चौथ्या भागाहूनही कमी आहे, आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, हे उरलेल्या तीन भागांवर ठरते.

त्यातला मोठा भाग लोहगावच्या पुणे विमानतळावर पोहोचण्यातच जातो. मेट्रो अजून विमानतळापर्यंत जात नाही. पण वनाज–रामवाडी मार्ग मार्च 2024 मध्ये पूर्ण झाल्यापासून मी वनाजहून थेट रामवाडीला उतरते आणि तेथून रिक्षा करते. संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीपेक्षा हा मार्ग स्वस्त तर आहेच, शिवाय किती वेळ लागेल हे आधी सांगता येते, आणि विमान गाठायचे असताना मला याच गोष्टीचे मोल अधिक वाटते. पहाटेच्या विमानासाठी मात्र मेट्रोचा उपयोग नाही, कारण ती सकाळी सहाला सुरू होते. नवे टर्मिनल जुलै 2024 पासून वापरात आले आणि जागेची चणचण पुष्कळ कमी झाली. तरी परत आल्यावर ॲपवरची टॅक्सी पकडायला एरोमॉल या बहुमजली वाहनतळापर्यंत जावे लागते, त्याची वीस मिनिटे वेगळी धरावीत. नागपूरकडची बाजू सोपी आहे. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे रिक्षाने मी वीस मिनिटांत घरी असते. तेथील मेट्रोचे स्थानक नावाने विमानतळाचे असले तरी ते वर्धा मार्गावर आहे आणि सामान घेऊन टर्मिनल गाठायला पुन्हा रिक्षा लागतेच, हे नवख्या माणसाला माहीत नसते.

विमानतळावरची प्रक्रिया सरावाने सुसह्य होते. वेब चेक-इन घरूनच करावे. सामान टाकण्याचा काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी बंद होतो आणि ज्या कंपनीने मी बहुतेक वेळा जाते तिचे बोर्डिंग गेट 25 मिनिटे आधी. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रेमुळे प्रवेशद्वाराशी वेळ वाचतो, सुरक्षा तपासणीत वाचत नाही. महिलांची रांग बहुधा छोटी असते, पण पडद्यामागे तपासणी करणारी कर्मचारी एकच असली तर ती छोटी रांगही पुढे सरकत नाही.

सामानाबाबत मात्र मी दोनदा फसले. केबिनमध्ये 7 किलो आणि खाली 15 किलो, ही मर्यादा एकट्या माणसाला पुरते. नागपूरहून परतताना संत्र्यांची पिशवी आणि संत्रा बर्फीचे डबे आले की ती पुरत नाही. लिंबाच्या लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवली होती, ती तपासणीच्या वेळी काढून तेथेच सोडून यावी लागली. दुसऱ्या वेळी खाली टाकलेल्या बॅगेसाठी माझे नाव पुकारले गेले. आईने ओटीत घातलेली सुक्या खोबऱ्याची वाटी मी साडीच्या घडीत ठेवली होती. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार असल्याने ते तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते सामानात चालत नाही. आईला हे अजूनही पटलेले नाही. पॉवर बँकेचे उलट आहे: ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, खाली टाकता येत नाही.

आसनाविषयी फार तक्रार करण्यासारखे नाही. तीन-तीनच्या रांगा, बेताची जागा आणि काही विमानांत मागे न झुकणारी पाठ, हे सव्वा तास चालून जाते. खिडकीच्या किंवा पुढच्या आसनासाठी वेगळे पैसे मागतात. ते न दिल्यास मला बहुतेक वेळा मधलेच आसन मिळाले. पैसे द्यायचेच असतील तर नागपूरहून पुण्याला येताना सकाळच्या विमानात उजवीकडची खिडकी घ्यावी, ऊन मागच्या बाजूला राहते. आकाश निरभ्र असताना दोनदा मला तेथून लोणारचे गोल सरोवर आणि त्यानंतर काही मिनिटांनी पैठणच्या नाथसागराचा पसारा स्पष्ट दिसला. विमान दर वेळी त्याच वाटेने जाते असे नाही, त्यामुळे हमी देता येत नाही.

मार्चमध्ये आईला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी घेऊन आले, तो तिचा पहिला विमानप्रवास होता. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवली होती, तरी आदल्या दिवशी फोन करून खात्री केली आणि ते बरेच झाले. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला सर्वांत आधी चढवतात, पण सर्वांत शेवटी उतरवतात, हे घ्यायला येणाऱ्यांना सांगून ठेवावे. आईचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून तिच्यासाठी ‘सी’ आसन घेतले: डाव्या रांगेतील कडेच्या या आसनावर बसले की मार्गिका उजव्या हाताला येते आणि तो पाय अधूनमधून लांब करता येतो. डावा गुडघा दुखत असेल तर पलीकडचे ‘डी’ आसन घ्यावे. खाद्यपदार्थांची गाडी येते तेव्हा पाय आत घ्यावा लागतो, एवढेच. उतरताना केबिनमधील हवेचा दाब वाढू लागतो आणि कानात दडे बसतात. तिला आवळासुपारी चघळायला दिली, तिला काहीही त्रास झाला नाही. जानेवारीत मी सर्दी असताना प्रवास केला होता, तेव्हा शेवटची वीस मिनिटे कानात सुया टोचत होत्या आणि दोन दिवस डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हते. नाक चोंदलेले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये, असे मी आता सर्वांना सांगते.

आता उशिराविषयी. माझ्या बावीस फेऱ्यांपैकी सकाळी नऊच्या आतल्या आठ होत्या आणि त्यांतील एकच अर्ध्या तासाहून अधिक लांबली. संध्याकाळी सहानंतरच्या नऊ फेऱ्यांपैकी सहा लांबल्या. कारण साधे आहे. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते, आणि सकाळी कुठे तरी धुक्यात किंवा पावसात अडकलेला वेळ पुढच्या प्रत्येक फेरीवर चढत जातो. नऊ तासांची ती फेरी अशाच एका संध्याकाळची. फलकावर उड्डाणाची वेळ चार वेळा बदलली, प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास मिनिटांनी, त्यामुळे घरी परत जावे की बसून राहावे हे ठरवताच आले नाही. उड्डाण अडीच तासांपर्यंतचे असून ते दोन तास किंवा अधिक लांबले, तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करावी असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. काउंटरवर जाऊन नियमाचे नाव घेतल्यावर सँडविच आणि रसाचे खोके मिळाले, तोवर कोणी विचारले नव्हते. उड्डाण पुरेशी पूर्वसूचना न देता कंपनीच्या कारणाने रद्द झाले, तर एक ते दोन तासांच्या मार्गासाठी 7,500 रुपये किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई मिळते, हेही ठाऊक असावे. हवामानामुळे रद्द झाल्यास ती मिळत नाही.

भाड्याचे गणित मला अद्याप पूर्ण जमलेले नाही. तीन-चार आठवडे आधी काढलेले तिकीट मला साधारण साडेचार हजारांना पडले, आठवडाभर आधीचे सहा-सात हजारांना, आणि दिवाळीच्या तोंडावर एका बाजूचे बारा हजार मोजले. तिकीट रद्द करावे लागले तर मूळ भाडे जवळपास बुडते, पण कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळतात. ती रक्कम मी दोनदा मागून घेतली, कारण आपणहून ती खात्यावर जमा झाली नाही.

रेल्वे मी पूर्णपणे सोडलेली नाही. 10 ऑगस्ट 2025 पासून अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत सुरू झाली आहे. ती 881 किलोमीटर बारा तासांत कापते आणि त्यात अख्खा दिवस जातो, पण लॅपटॉप उघडून बसता येते आणि लोणच्याची बरणी कोणी काढून घेत नाही. जाताना आईच्या डॉक्टरांची वेळ गाठायची असते, म्हणून पुढच्या महिन्याचे नागपूरचे तिकीट सकाळच्या पहिल्या विमानाचे काढले आहे. परतीचे अजून काढलेले नाही. तो आठवडा दसऱ्याचा आहे आणि विमानाचे भाडे आत्ताच नऊ हजारांवर गेले आहे.