आप्पांच्या आठशेला मॅगव्हील: सोलापूरच्या होटगी रोडवरच्या टायरच्या दुकानाचा अनुभव

आप्पांची मारुती ८००, १९८९ ची, कार्बोरेटरवाली. तिला मॅगव्हील (पत्र्याऐवजी अलॉयची चाकं) घालायची म्हणून आधी एका दुकानात गेले (नाव लिहीत नाही). तिथे ऑल्टोची तेरा इंची चाकं पुढे केली. "भोकं जरा घासून बसवतो, ताई." आठशेच्या चार स्टडचं (चाक ज्यांवर नटांनी आवळतात त्या खुंट्यांचं) वर्तुळ ११४.३ मिलीमीटर व्यासाचं, ऑल्टोचं १००. म्हणजे प्रत्येक भोक सात मिलीमीटर बाहेर सरकवायचं! चाक नेमकं जिथे पेलतं तिथलाच धातू खायचा. मी तशीच गाडी काढली.

होटगी रोडच्या काकांनी मला चाकं दाखवलीच नाहीत आधी. गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक उतरवलं आणि तारेचा ब्रश घेऊन हबवरचा, म्हणजे चाक जिथे टेकतं त्या भागावरचा, गंज घासत बसले. चांगली वीस मिनिटं. "मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला की चाक टेकत नाही नीट. मग नट कितीही आवळ, ढिला होणारच."

तेरा इंचीचा हट्ट त्यांनीच सोडवला. कंपनीचा १४५/७० आर १२ टायर (१४५ मिलीमीटर रुंद, उंचवटा रुंदीच्या ७० टक्के, चाक बारा इंची) ५०८ मिलीमीटर उंच. १५५/६५ आर १३ घातला तर ५३२. वेगाचा काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टच्या आसपास पळत असेल, आणि मडगार्डला घासेल ते वेगळंच. शेवटी बारा इंचीच मॅगव्हील घेतली, त्यांवर १५५/६५ आर १२. नॅनोच्या मागच्या चाकांचं हे माप. उंची ५०६, जवळपास मूळचीच.

नटांपाशी मात्र मी त्यांना मनापासून मानलं. नवं चाक लावून जुना नट हातानं फिरवला, सहा फेऱ्यांत अडकला. काढून बाजूला ठेवला. स्टड बारा मिलीमीटरचा, तर आटेही निदान तेवढे धरले पाहिजेत; सव्वा मिलीमीटरच्या आट्याला दहा फेरे. मॅगव्हीलच्या खाचेला जुळणाऱ्या उताराचे लांब नट त्यांनी दुसऱ्या दिवशी मागवून दिले. चाकाचं मधलं भोक हबला सैल होतं, तिथे रिंग घातली. मग टायरच्या कडेला खडू फासला, मागच्या सीटवर दुकानातली तिघं बसवली आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावलं. मडगार्डच्या आत खडू लागला नाही, तेव्हाच पैसे घेतले.

तक्रार एकच. एप्रिलच्या उन्हात तीन तास उभी होते, बसायला ना सावली ना खुर्ची. वयस्कर माणसाला घेऊन जाऊ नका.

"अक्कलकोटला जाऊन ये, मग दाखव," म्हणाले होते. आले तेव्हा टॉर्क पान्यानं (नट किती आवळलाय ते मोजणाऱ्या पान्यानं) सोळाही नट तपासले, आडव्यातिडव्या क्रमानं. डाव्या मागच्या चाकाचा एक नट थोडा फिरला. त्याचे पैसे घेतले नाहीत. निघताना जुने चार नट कापडात बांधून हातात दिले: स्टेपनी पत्र्याचीच आहे, तिला हेच लागतील. ते आता डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत.