वीज पडून म्हैस गेली तर: सरकारी मदत बरी की पशुधन विमा?

आमच्या मेव्हण्याकडे पाच म्हशी, परवा विचारत होता की वीज-पुराला सरकार पैसे देतंच, मग विम्याचा हप्ता कशाला भरू.

पैशाचं बघा आधी. सरकारी मदत ज्यातून मिळते त्या आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषात दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, शेळीला 4,000, आणि दुभती मोठी जनावरं जास्तीत जास्त तीन. म्हणजे गोठाच्या गोठा वाहून गेला तरी तिघींचेच, आणि लाखाची म्हैस असली तरी साडेसदतीस हजारच. विम्यात ठरलेल्या किमतीवर भरपाई मिळते, पण हप्ता दरवेळी खिशातून जातो (सबसिडी असली तरी आपला हिस्सा राहतोच).

कारणाचं म्हणाल तर मदत फक्त आपत्तीला. आजारानं मेलं तर या निधीत नाही, लम्पीच्या (गुरांच्या त्वचारोगाच्या) साथीच्या वेळी राज्याला वेगळा निर्णय काढावा लागला होता. विमा आजारालाही चालतो.

धावपळ दोन्हीकडे आहेच. मदतीला तलाठ्याचा पंचनामा आणि डॉक्टरांचं शवविच्छेदन, तोवर जनावर पुरायचं नाही. विम्यात जनावराच्या कानात ओळखीचा बिल्ला हवाच. झुडपात अडकून तुटला तर लगेच विमा कंपनीला कळवून नवा मारून घ्या, नाहीतर क्लेम अडकतो.



तर दोनचार शेळ्या, एखादी गाय असेल तर मदतीवर भागेल. मेव्हण्यासारखं दुधावर घर चालत असेल तर विमा काढाच, निदान भारी म्हशींचा तरी.