अवघड इंग्रजी शब्दांच्या अर्थांसाठी अँकी : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंग्रजीतील निबंध, अग्रलेख आणि अभ्यासग्रंथ वाचताना रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द वारंवार अडवतात. त्यांचे अर्थ कायमचे लक्षात राहावेत, या हेतूने मी बऱ्याच महिन्यांपासून अँकी हे उजळणीचे सॉफ्टवेअर जवळजवळ रोज वापरत आहे. त्याच्या जोडीला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले शब्दकोश आणि नेहमीचे वाचन आहे. एकदा नीट कळलेला शब्द विसरू न देण्याचे काम अँकी उत्तम करते, असे माझे मत झाले आहे. मात्र शब्द कळण्याचे काम कार्ड (एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेली नोंद) तयार होण्यापूर्वी, वाचताना आणि शब्दकोशाची पाने चाळतानाच व्हावे लागते. ज्यांनी हा फरक लक्षात घेतला, त्यांना या साधनाचा पुरेपूर लाभ होतो.

यामागचे तत्त्व जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले आणि पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला वेगाने, नंतर हळूहळू विसरली जाते, हे मोजून दाखवले. उजळणीतील अंतर क्रमाक्रमाने वाढवत नेण्याचे गणित पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी 1987 साली संगणकावर आणले. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये अँकी आणले, तेव्हा ते त्याच गणिताच्या सुधारित रूपावर चालत असे. 2023 च्या अखेरीपासून त्यात एफएसआरएस ही नवी पद्धत उपलब्ध आहे. ती आपल्या आधीच्या उत्तरांवरून प्रत्येक कार्ड विसरण्याच्या बेतात केव्हा येईल याचा अंदाज बांधते आणि त्या सुमारास ते पुढे ठेवते. स्मरणाचे अपेक्षित प्रमाण मुळात 90 टक्के ठरवलेले असते, म्हणजे दहांतील एखादे कार्ड विसरले जाणार हे गृहीतच धरलेले आहे. हे प्रमाण 95 टक्क्यांच्या पुढे नेण्याचा मोह होतो, पण त्यामुळे उजळण्यांची संख्या फार वाढते आणि तितका फायदा हाती लागत नाही.

उत्तरानंतर दाबायच्या चार बटनांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. ‘हार्ड’ हे बटन अर्थ आठवला, पण कष्टाने आठवला, अशा वेळेसाठी आहे. अर्थ आठवलाच नसेल तर ‘अगेन’ दाबले पाहिजे. विसरलेल्या शब्दावर ‘हार्ड’ दाबत राहिल्यास एफएसआरएसचे सारे अंदाज चुकू लागतात, कारण त्याच्या दृष्टीने तो शब्द आपल्याला आठवलेला असतो. दुसरी गोष्ट नव्या शब्दांच्या संख्येची. रोज वीस नवी कार्डे ही मूळ मर्यादा पाहताना फार वाटत नाही. परंतु रोज वीस नवी कार्डे नेमाने शिकणाऱ्याने दिवसाला सुमारे दोनशे उजळण्यांची तयारी ठेवावी, असे अँकीच्या माहितीपुस्तिकेतच सांगितलेले आहे. साधी, सोपी माहिती पाठ करायची असेल तर वीस ठीक आहेत. प्रगत इंग्रजी शब्दांसाठी, ज्यांच्या प्रत्येक कार्डावर थांबून विचार करावा लागतो, ही संख्या मला फार मोठी वाटते, आणि ती बरीच खाली आणल्यावरच माझी उजळणी टिकली.

खरा प्रश्न कार्डावर काय असावे हा आहे. आयते मिळणारे बहुतेक संच एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला एक प्रतिशब्द अशा रचनेचे असतात. ‘एफेमरल’ म्हणजे क्षणभंगुर, हे कार्ड पुरेसे ठरते, कारण दोन्ही शब्दांची व्याप्ती बरीचशी सारखी आहे. पण ‘अलिव्हिएट’, ‘मिटिगेट’ आणि ‘अमेलिओरेट’ या तिन्ही कार्डांच्या मागे ‘कमी करणे, सौम्य करणे, सुधारणे’ अशाच अर्थांची सरमिसळ आढळते. पहिला शब्द वेदना, लक्षणे, दारिद्र्य यांच्यासोबत येतो आणि त्यात त्रास हलका होण्यावर भर असतो, मग मूळ कारण तसेच राहिले तरी चालते. दुसऱ्याची सोबत धोका, हानी, परिणाम यांची असते आणि कायद्याच्या भाषेत अपराधाची तीव्रता कमी ठरवणाऱ्या परिस्थितीलाही तो लावतात. तिसरा शब्द मुळात वाईट असलेली स्थिती सुधारण्याविषयी आहे आणि त्याचा सूर अधिक औपचारिक आहे. तिन्ही कार्डांना ‘कमी करणे’ एवढेच उत्तर देऊन ‘गुड’ (नीट आठवले) हे बटन दाबले तर सॉफ्टवेअरला आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही. ते तिन्ही शब्द काही महिने पुढे ढकलते, आणि वाक्यात त्यांतला नेमका कोणता हवा हे मात्र अजिबात कळलेले नसते.

इथे शिकणाऱ्यांच्या शब्दकोशांचे महत्त्व मला सर्वांत अधिक जाणवले. 1978 साली निघालेल्या लाँगमनच्या समकालीन इंग्रजीच्या शब्दकोशाने सुमारे दोन हजार सोप्या शब्दांच्या मर्यादेत सर्व व्याख्या लिहिण्याचे पथ्य पाळले, त्यामुळे एक अवघड शब्द समजून घेण्यासाठी दुसऱ्या अवघड शब्दाकडे धाव घ्यावी लागत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात सिद्ध झालेला कोबिल्ड कोश 1987 मध्ये आला. त्याने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली : अमुक प्रकारची व्यक्ती अमुक गोष्टीबाबत असे करते, तेव्हा हा शब्द वापरतात, अशा धाटणीने. अशा व्याख्येत शब्दाचा कर्ता, कर्म आणि प्रसंग आपोआप येतात. खऱ्या लेखनाचा मोठा साठा संगणकावर तपासल्यामुळे सिंक्लेअर यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. ‘सेट इन’ या क्रियापदाचा कर्ता बहुतेक वेळा कुजणे, निराशा, ऱ्हास असे काहीतरी अप्रिय असते. ‘सुरू होणे’ हा प्रतिशब्द पाठ करणाऱ्याला ही छटा कधीच मिळणार नाही, आणि तो आनंद ‘सेट इन’ झाल्याचे निःशंकपणे लिहून बसेल.

त्यामुळे माझ्या कार्डांचे स्वरूप आता ठरून गेले आहे. पुढच्या बाजूला ज्या मजकुरात शब्द भेटला तेच वाक्य असते आणि शब्दाच्या जागी रिकामी जागा असते. ही सोय अँकीत ‘क्लोझ’ नावाने तयारच मिळते. मागच्या बाजूला शब्द, शब्दकोशातील व्याख्येचा माझ्या भाषेत घेतलेला सारांश आणि त्याच्यासोबत नेहमी येणारे दोन-तीन शब्द असतात. मराठी प्रतिशब्द नेमका जुळत असेल तरच लिहिला जातो. असे कार्ड करायला वेळ लागतो हे खरे, परंतु तो वेळ म्हणजेच शिकण्याचा निम्मा भाग आहे, अशी माझी आता खात्री पटली आहे.

शब्दांच्या क्रमाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. कित्येक संच ‘बडबड’, ‘कंजूषपणा’, ‘राग’ अशा विषयवार गटांत मांडलेले असतात आणि वरकरणी ते सोयीचे वाटतात. पण टिंकहॅम या संशोधकांनी 1993 मध्ये आणि वेअरिंग यांनी 1997 मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकवल्यास ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला अधिक वेळ लागतो. माझा अनुभव याला पुष्टी देणाराच आहे. ‘गॅरुलस’, ‘लोक्वेशस’, ‘व्हर्बोज’ आणि ‘व्हॉल्युबल’ हे फार बोलण्याशी किंवा शब्दबंबाळपणाशी संबंधित शब्द वाचनाच्या ओघात, निरनिराळ्या वेळी आले तेव्हा वेगळे राहिले. एक पक्का झाल्यानंतर दुसरा घेतला की त्यांची तुलना उपयोगी पडते, त्याआधी नाही.

धातूंवरून अर्थ ओळखण्याच्या युक्तीबद्दल माझे मत मिश्र आहे. लॅटिनमधील बोलण्याचा वाचक ‘लोक्वी’ हा धातू कळला की ‘एलोक्वंट’, ‘कलोक्वियल’, ‘सोलिलोक्वी’ हे सारे एका सूत्रात येतात आणि लक्षात राहणे फार सोपे होते. तथापि केवळ रूपावर विसंबल्यास ‘एनर्व्हेट’ म्हणजे जोम आणणे असे वाटते. प्रत्यक्षात लॅटिन ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायुबंध, तो काढून घेणे हा मूळ अर्थ, म्हणून दुर्बल करणे. ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो त्रास देण्याच्या अर्थाच्या जुन्या शब्दातून आला आहे आणि आज मुख्यतः दुर्गंधीसाठी वापरतात. धातू ही अर्थ लक्षात ठेवण्याची उत्तम सोय आहे, अर्थ शोधण्याची मात्र नाही.

कोणते शब्द घ्यावेत, याविषयी थोडक्यात. भाषाअभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली अभ्यासविषयक शब्दांची यादी 570 शब्दकुळांची (एका मूळ शब्दाची सारी रूपे मिळून एक कूळ) आहे आणि ती अभ्यासग्रंथांतील सुमारे दहा टक्के शब्द व्यापते. दुर्मीळ शब्दांच्या मागे लागण्यापूर्वी ती पूर्ण होणे मला आवश्यक वाटते. परदेशी विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेनेही 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे सुटे प्रश्न काढून टाकले व वाक्यातील रिकाम्या जागांवर भर दिला, त्यामुळे परीक्षार्थींनाही सुट्या याद्या पाठ करून पूर्वीसारखा उपयोग होत नाही.

इतक्या महिन्यांनंतर वाचताना थांबण्याची वेळ स्पष्टपणे कमी झाली आहे. लिहिताना मात्र हे शब्द आपणहून सुचण्याचे प्रमाण अजून अल्प आहे, आणि ओळखणे व वापरणे या दोन निराळ्या क्षमता असल्याने ते स्वाभाविक आहे. ज्या मोजक्या शब्दांचा लेखनात खरोखर उपयोग आहे, त्यांच्यासाठी वर्णनावरून शब्द आठवण्याची उलटी कार्डे मी अलीकडे जोडली आहेत. बाकीचे ओळखता आले की पुरे. आठ वेळा विसरले गेलेले कार्ड अँकी ‘लीच’ ठरवून बाजूला ठेवते. अशी कार्डे लगेच परत आणण्याऐवजी मी ती तशीच राहू देते, आणि तो शब्द पुन्हा एखाद्या मजकुरात भेटला की जुने कार्ड काढून टाकून नव्या वाक्यासह दुसरे करते. हे दुसरे कार्ड बहुधा टिकते.