टेक्सासच्या खाडीत रेडफिशच्या ट्रिपला जाताय? आमच्याशी झालं ते आधी वाचा

ह्यूस्टन, पेअरलँड, शुगरलँड, केटी या भागातल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. ऑगस्ट ते नोव्हेंबर गॅल्व्हेस्टनच्या आसपास रेडफिश जोरात असतो आणि नेमके याच दिवसांत अनेकांच्या घरी भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आलेले असतात. त्यांच्यात कुणी मासेमारीचा शौकीन निघाला की आपण गाइड शोधायला लागतो. परवाना नसताना स्वतःला कॅप्टन म्हणवणारी माणसं अशाच घरांच्या शोधात असतात. त्यांचं एक वाक्य ध्यानात ठेवा: "कुणी विचारलं तर सांगा, आम्ही मित्र आहोत." हे कानावर पडलं की बोटीत पाय ठेवू नका, दिलेले पैसे गेले तरी चालतील.

माझे सासरे, आमचे अण्णा, रेवदंड्याचे. आयुष्यभर कचेरीत नोकरी केली, पण सुट्टीचा दिवस कुंडलिकेच्या खाडीवर गरवण्यात जायचा. इथे आल्यावर मॉल, म्युझियम यांत त्यांचं मन रमेना. रेडफिश हा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला, तसाच पाण्याखाली घुमणारा आवाज काढणारा मासा आहे, असं मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले. "मग त्याला एकदा बघायलाच हवं," म्हणाले.

जाहिरात एका ओळखीच्या ग्रुपवर फिरत आली होती. अर्ध्या दिवसाचे ६५० डॉलर, गळ, आमिष, बर्फ सगळं त्यात. "रेडफिश आणि रेड स्नॅपर दोन्ही मिळतील, तिघांचे मिळून नऊ रेडफिश घरी न्या," असंही लिहिलं होतं. सोबत फोटो झकास होते. काचेसारखं पाणी, खाली पांढरी वाळू आणि हातात तांब्याच्या रंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला मासा.

यातली निम्मी जाहिरात खोटी होती आणि ती खोटी आहे हे जाहिरातीतच दिसत होतं. इथली माहिती असलेल्या माणसाला ते चटकन कळेल, म्हणून सविस्तर सांगतो. गॅल्व्हेस्टनच्या खाडीचं पाणी गढूळ, हिरवट-तपकिरी असतं. तसं नितळ पाणी आणि पांढरी वाळू फ्लोरिडाकडची. रेड स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीचा भाऊबंद, हा बाहेर खोल समुद्रातला मासा. चार तासांच्या खाडीतल्या ट्रिपमध्ये तो कुणीही देऊ शकत नाही. आणि नऊ माशांचा हिशोब तर सरळ बेकायदा. टेक्सासमध्ये माणशी रोज तीन रेडफिश ठेवता येतात, पण गाइडच्या वाट्याचे मासे त्यात धरता येत नाहीत. दोन गिऱ्हाईकं असतील तर सहा, बस्स.

३०० डॉलर आगाऊ मागितले, तेही झेलनेच, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्याच्या सोयीने. कार्ड चालत नाही, मशीन बिघडलंय. लायसन्सचं विचारलं तर फोनवर उत्तर आलं, "काळजी नको, माझ्या लायसन्सवर तुम्ही सगळे येता." ही थाप इतकी सहज पचते याला कारण आहे. फ्लोरिडात परवानाधारक चार्टर बोटीवर खरंच तसं असतं, कॅप्टनच्या परवान्यात प्रवासी येतात. आपल्यातले बरेच जण फ्लोरिडातल्या डेस्टिनला जाऊन आलेले असतात, त्यांना तोच नियम माहीत असतो. टेक्सासमध्ये तसं नाही. सतरा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाकडे स्वतःचं मासेमारीचं लायसन्स लागतं, बोट कुणाचीही असो. भारतातून आलेल्या पाहुण्यालाही लागतं. एका दिवसाचं लायसन्स टेक्सासच्या रहिवाशाला ११ आणि बाहेरच्याला १६ डॉलरला मिळतं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. एवढ्याशा पैशांच्या लायसन्सवरून त्याने आम्हाला अडकवलं, कारण लायसन्सचा विषय पुढे वाढला असता तर त्याच्या स्वतःच्या परवान्याचाही निघाला असता.

आदल्या रात्री थंडीची लाट उतरली आणि उत्तरेचा वारा सुटला. इथे भरती-ओहोटीचा फरक आपल्या कोकणाच्या मानाने अगदी थोडा, फूट-दोन फुटांचा. खाडीत पाणी किती राहणार हे वाराच जास्त ठरवतो आणि उत्तरेचा वारा दोन दिवस लागला की खाडीचं पाणी बाहेर समुद्रात ढकललं जातं. अशा दिवशी चांगला कॅप्टन स्वतःहून फोन करून तारीख बदलून देतो. मी विचारलं तर मेसेज आला की आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, यायचं तर या.

धक्क्यावर आला तो फोनवरचा माणूस नव्हताच. म्हणाला, कॅप्टन आजारी आहे, मी त्याचा पार्टनर. उरलेले ३५० रोख, आधीच. अण्णा टोपी घालून, पँट दुमडून तयार उभे होते. पैसे खिशात टाकल्यावर तो इंजिन चालू करता करता म्हणाला, पाण्यावर कुणी अडवलं तर आपण मित्र आहोत एवढंच सांगायचं, इन्शुरन्सच्या भानगडीमुळे. तोवर बोट धक्क्यापासून सुटली होती.

लाइफ जॅकेट सीटखाली कोंबलेली होती, बकलांना गंज चढलेला. इंजिन बंद करणारी दोरी, जी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असते आणि तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप थांबवते, ती जागेवर नव्हतीच. २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर २०२१ पासून ही दोरी वापरणं कायद्याने सक्तीचं आहे. गॅल्व्हेस्टनच्या वेस्ट बे या खाडीत पाणी इतकं उतरलं होतं की कालवांच्या खडकावर बोट दोनदा घासली. कालवांच्या कडा काय असतात ते अण्णांना ठाऊक, त्यांनी मला पाय आत घ्यायला सांगितलं.

मासा मात्र लागला. अण्णांनीच लावला. आमिषाला बोय माशाचा तुकडा गवताच्या कडेला अलगद सोडला आणि थोड्या वेळाने दोरी ताणली गेली. त्यांनी घाई केली नाही, माशाला पळू दिलं, दमू दिलं आणि बोटीशी आणला. मासा सुरेख होता, पण लहान. अण्णा त्याला हातात घेऊन म्हणाले, "पोर आहे अजून, सोडा याला." त्या माणसाने मासा घेतला, कापडी टेप काढली, ती माशाच्या पोटाच्या फुगवट्यावरून शेपटीपर्यंत ओढली आणि म्हणाला, वीसच्या वर आहे, चालतो. मासा सरळ बर्फाच्या पेटीत.

इथे नीट लक्ष द्या. टेक्सासमध्ये रेडफिश २० ते २८ इंचांमधलाच ठेवता येतो. २८ च्या वरचा ठेवायचा तर लायसन्ससोबतचा टॅग माशाला लावावा लागतो. माप घ्यायचं ते सपाट पट्टीवर, मासा आडवा ठेवून, तोंड मिटून, शेपटीची टोकं एकत्र दाबून, सरळ रेषेत. टेप अंगाच्या गोलाईवरून फिरवली की इंचभर फुकट वाढतो. गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं म्हणून हे असलं मोजमाप चालतं, आणि तो इंच तुमच्या अंगावर येतो.

परतताना गेम वॉर्डनची, म्हणजे मासेमारी-शिकारीचे नियम राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची बोट आडवी आली. त्या माणसाने आमच्याकडे बघत मोठ्याने सांगितलं, "हे माझे मित्र." वॉर्डनने मला वेगळं विचारलं. मी फोन काढून झेलची पावती आणि सगळे मेसेज दाखवले. मित्र म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते वॉर्डनने नंतर समजावलं. मित्राला फुकट फिरवायला गाइडचा परवाना लागत नाही, पैसे घेतले की लागतो. म्हणजे ते खोटं त्याला सोडवण्यासाठी होतं, आणि ते बोलून कायद्याच्या अधिकाऱ्याशी खोटं बोलल्याचा दोष आमच्यावर राहिला असता.

वॉर्डनने पट्टी काढली. सव्वाएकोणीस इंच. अण्णांनी मासा सोडायला सांगितलं होतं हे मी सांगितलं, वॉर्डनने ते ऐकून घेतलं आणि माशाची नोंद त्या माणसावर टाकली. त्याच्याकडे राज्याचा गाइडचा परवाना नव्हता, कोस्ट गार्डचा कॅप्टनचा परवानाही नव्हता. पण लायसन्स आमच्याकडेही नव्हतं, म्हणून दोन तिकिटं आमच्या नावावर फाटली, एक माझं आणि एक अण्णांचं. असा गुन्हा इथे क्लास सी, म्हणजे सगळ्यात हलक्या दर्जाचा असतो, दंड २५ ते ५०० डॉलर, काम जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या स्थानिक कोर्टात. दंड भरून प्रकरण मिटलं. पण जन्मात कुणाची एक दमडी न बुडवलेला माणूस परक्या देशात पासपोर्ट काढून वर्दीतल्या अधिकाऱ्याच्या हातात देत होता, आणि घरी येईपर्यंत एकच विचारत होता, "माझ्या व्हिसावर काही येणार नाही ना रे?" पैशांचं दुःख मला नाही. याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

नियम इतके कडक का, तेही कळायला हवं. सत्तरच्या दशकात जाळ्यांनी हा मासा उपसून काढला होता. १९८१ मध्ये टेक्सासने त्याची विक्रीच बंद केली. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडॉम या शेफने मसाल्यात काळा होईस्तोवर भाजलेला रेडफिश इतका लोकप्रिय केला की आखातातले मोठे, अंडी घालणारे मासेही संपायला आले आणि केंद्र सरकारला आपल्या सागरी हद्दीत बंदी घालावी लागली. टेक्सासमधल्या लेक जॅक्सन आणि कॉर्पस क्रिस्टीच्या मत्स्यबीज केंद्रांत आजही पिल्लं वाढवून खाड्यांत सोडली जातात. पहिली काही वर्षं मासा खाडीत वाढतो आणि मग बाहेर जाऊन वीण करतो. वीसच्या आतला मासा पेटीत टाकणारा ही सगळी मेहनत मारतो. म्हणूनच "ताजा रेडफिश, खाडीतला, घरपोच" असं कुणी ग्रुपवर विकत असेल तर तोही घेऊ नका. हॉटेलात मिळतो तो बहुतेक तळ्यात वाढवलेला, मत्स्यशेतीतला.

बुक करण्याआधी कॅप्टनचं पूर्ण नाव आणि दोन परवाने मागा: टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याचा गाइडचा आणि कोस्ट गार्डचा. या लहान बोटींचा कोस्ट गार्डचा साधा परवाना पैसे देणाऱ्या सहाच प्रवाशांपुरता असतो, सातवा बसवतो म्हणाला तर तिथेच थांबा. धक्क्यावर येणारा माणूस आणि परवान्यावरचा माणूस एकच आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. नंतर आम्ही एका रीतसर कॅप्टनकडे चौकशी केली तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "तुमच्या सगळ्यांची लायसन्स काढलीत का?" खरा माणूस हे स्वतःहून विचारतो, कारण त्याचा स्वतःचा परवाना पणाला असतो.

आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानेच द्या. झेलने गेलेले ३०० डॉलर बँकेने परत केले नाहीत. तुम्ही स्वतः पाठवलेत, खातं कुणी चोरलेलं नाही, असं उत्तर आलं. कार्ड असतं तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद घालता आला असता. रोख ३५० ची तर पावतीच नाही. मेसेज मात्र एकही पुसू नका, आमच्या बाजूने तेच बोलले.

टेक्सासच्या अॅटर्नी जनरलकडे आणि एफटीसी या ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे आम्ही तक्रार नोंदवली आहे. तेच नितळ पाण्याचे फोटो आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या फोन नंबरवर फिरताना दिसले, तेही वॉर्डनला पाठवले. तुमच्याकडे अशी जाहिरात आली तर ती नुसती डिलीट करू नका. पार्क्स अँड वाइल्डलाइफची ‘ऑपरेशन गेम थीफ’ नावाची तक्रार लाइन आहे, तिथे नाव न सांगताही कळवता येतं. स्क्रीनशॉट, बोटीचा नोंदणी क्रमांक, धक्क्याचं ठिकाण आणि वेळ एवढं द्या. बोटीचा क्रमांक तिच्या पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना टीएक्सपासून सुरू होणारा असतो. बोटीत चढण्याआधीच त्याचा फोटो काढून ठेवा.