मस हुनी: डब्यातला ट्यूना घ्यावा की हिकीमस?

मालदीवमध्ये जाऊन आलेल्यांना नाश्त्याची मस हुनी, म्हणजे ओल्या खोबऱ्यात कालवलेला ट्यूना मासा, घरी करून बघायची असते. ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आपल्याकडे आहेच. अडतं ते माशापाशी. तिथे बरेचदा वापरतात तो वल्होमस, म्हणजे धुरी दिलेला ट्यूना. तो मऊसर असतो आणि फार टिकत नाही. मग उरतात दोन पर्याय.

डब्यातला ट्यूना सोपा. तेलातला नको, पाण्यातला किंवा मिठाच्या पाण्यातला घ्या आणि मुठीत घट्ट पिळा, नाहीतर खोबऱ्याचा लगदा होतो. चव स्वच्छ, पण धुराचा वास नाही. मालदीवमध्येही घाईच्या सकाळी डबाच फोडतात, त्यामुळे यात कमीपणा काही नाही.

हिकीमस म्हणजे उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवलेला ट्यूना. लाकडासारखा टणक. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी असलेल्या इब्न बतूतानं हा मासा हिंदुस्थान, चीन, येमेनला जात असल्याचं लिहून ठेवलंय. आपल्या लक्षद्वीपमध्येही तो करतात, तिथे त्याला मासमीन म्हणतात. तुकडे कुटून कोमट पाण्यात भिजवायचे, मग बारीक करायचे. चव तीव्र असते, म्हणून डब्यातल्या ट्यूनाच्या निम्माच पुरतो. धुराची जी चव आठवत असते ती इथे मिळते, पण स्वयंपाकघरात वासही दरवळतो. शेजारी शाकाहारी असतील तर विचार करा!

सुका बांगडा घालून भागेल का? नाही. त्यात खारटपणा आहे, धूर नाही. मग ती आपली किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर, होते. ती मलाही आवडते, पण ती भाताबरोबर.

मासा कुठलाही असो, आधी कांदा, मिरची, मीठ आणि लिंबाचा रस हातानं चांगला चुरायचा. कांद्याला पाणी सुटून त्याचा उग्रपणा गेला की मासा, आणि खोबरं सगळ्यात शेवटी. ते ताजं खवलेलंच हवं. पाकिटातला कोरडा कीस घातलात तर हिकीमससुद्धा वाया जातो.

पहिल्यांदा करताय तर डबाच आणा. सुकी मासळी घरात रोजची असेल, तर सरळ हिकीमस. सोबत मैद्याची गरम रोशी, म्हणजे तिथली पोळी, आणि कोरा गोड चहा. मस हुनी उरली तर रोशीच्या पिठात भरून तव्यावर भाजा, म्हणजे मसरोशी. संध्याकाळपर्यंत मात्र ठेवू नका, ओलं खोबरं आंबतं.