न्यूरबुर्गरिंगच्या पर्यटक फेऱ्या: खर्चिक, पण अस्सल

जर्मनीच्या आयफेल डोंगराळ भागात १९२७ साली सुरू झालेल्या न्यूरबुर्गरिंग या मोटार शर्यतींच्या संकुलातील नॉर्डश्लाइफेवर, सुमारे २०.८ किलोमीटरच्या त्या शर्यतीच्या मार्गावर, पर्यटक फेऱ्यांच्या दिवशी तिकीट काढून स्वतःची गाडी नेता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. वेळापत्रक पाहूनच प्रवास आखावा. वाहतुकीचे नियम येथेही लागू असतात: उजवी बाजू धरायची, ओलांडायचे ते डावीकडूनच, आणि फेरीची वेळ नोंदवण्यास मनाई. नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारांत शर्यतीचे मार्ग बहुधा वर्ज्य असल्याने, परिसरात खास याच कामासाठी मिळणारी गाडी महाग पडली तरी तीच घ्यावी. कठडा वाकवला तर दुरुस्तीचा भुर्दंड चालकाच्याच माथी बसतो. कारुसेलच्या काँक्रीटच्या तिरप्या वळणात मात्र स्टिअरिंग असे थडथडते, की दिलेले पैसे वसूल!