कॅनन आर१०: साइड बिझनेससाठी घ्यावा का?

नोकरी सांभाळून शनिवार-रविवार बारसं, डोहाळजेवण, साखरपुडे असली कामं घ्यायची असतील तर कॅनन आर१० हा कॅमेरा बॉडी म्हणून (म्हणजे लेन्स सोडून) मस्तच आहे, २४ मेगापिक्सेल भरपूर झाले आणि डोळ्यांवरचा ऑटोफोकस तर एवढा पक्का की पळणारं पोरगंसुद्धा शार्प येतं. पण सोबत मिळणाऱ्या १८-४५ एमएमच्या किट लेन्सवर जाऊ नका राव! झूम केलं की अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) ६.३ वर जातं, म्हणजे उजेड कमी येतो, आणि आपले हॉल म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड, मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा नि फोटोतले दाणे मोजत बसा. त्यापेक्षा आरएफ ५० एमएम १.८ ही लेन्स घ्या, पोर्ट्रेटला एक नंबर, फक्त या कॅमेऱ्याच्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा छोट्या) सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, त्यामुळे छोट्या खोलीत ग्रुप फोटो काढायला भिंतीत घुसावं लागेल, म्हणून एक वाइड लेन्स हवीच. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाहीये, व्हिडिओवाल्यांनी विचार करा. फ्लॅश गोडॉक्स कंपनीचा चालतो, छताकडे वळवून मारायचा. बॅटरी छोटीये, जास्तीची ठेवाच.

कार्ड स्लॉट मात्र एकच. कार्ड गेलं तर सगळं गेलं, त्यामुळे लग्नाची मेन ऑर्डर एकट्याने यावर मी तरी घेणार नाही.